माल कुणाचा, नुकसान कुणाचं?

चांद्याच्या जंगलातल्या सावरीचं लाकूड मऊ आणि हलकं. घराच्या वाशाला ते चालत नाही, आगकाडीला मात्र उत्तम. स्वातंत्र्याच्या सुमारास चांद्याची हुसेनअली आदमजी आणि कंपनी ही लाकडाची पेढी सावरीचे ओंडके रेल्वेच्या वॅगनमध्ये भरून अंबरनाथला पाठवत असे. तिथे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, आगपेट्यांचा कारखाना होता. चांदा त्या वेळी मध्य प्रांतात होता आणि अंबरनाथ मुंबई इलाख्यात. मध्य प्रांताच्या विक्रीकर खात्याचं म्हणणं असं की ओंडके आमच्या हद्दीतल्या स्टेशनात वॅगनमध्ये चढले तेव्हाच विक्री झाली, म्हणून कर आमचा. पेढी म्हणाली, विक्री इथे झालेलीच नाही.

वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५९ साली निकाल पेढीच्या बाजूनं लागला. करार कुठल्या ठरावीक ओंडक्यांचा नव्हता, ठरावीक प्रतीच्या आणि मापाच्या ओंडक्यांचा होता. शिवाय अंबरनाथला कारखान्याच्या व्यवस्थापकानं माल तपासून पास करायचा आणि न पटलेला नाकारायचा, असा हक्क खरेदीदारानं राखून ठेवला होता. म्हणून वॅगन हलली तेव्हाही लाकूड पेढीचंच होतं. कारखान्यात ते पास झालं तेव्हा ते विमकोचं झालं.

या खटल्यात प्रश्न कराचा होता. पण समजा, वाटेत वॅगनला आग लागली असती तर? त्याचंही उत्तर याच निकालात दडलेलं आहे. लाकूड पेढीचं होतं, म्हणजे नुकसानही पेढीचं.

आपल्याकडे वस्तूंच्या विक्रीचे नियम पूर्वी १८७२ च्या करार कायद्यातच एका प्रकरणात होते. तो भाग काढून १९३० साली मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला आणि १ जुलै १९३० पासून तो लागू आहे. त्याचा साचा १८९३ च्या इंग्लिश कायद्याचा. तो इंग्लिश मसुदा लिहिणारे मॅकेन्झी चामर्स पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून हिंदुस्थानात येऊन गेले. या कायद्याच्या २६ व्या कलमात सांगितलं आहे की दुसरं काही ठरलेलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. माल कुणाच्या ताब्यात आहे, पैसे दिले की राहिले, याला त्यात महत्त्व नाही. ज्या क्षणी मालकी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे गेली, त्या क्षणापासून आग, पूर, चोरी, अपघात हे सगळं घेणाऱ्याच्या माथी.

हे किती कडक असू शकतं ते १८२७ च्या टार्लिंग विरुद्ध बॅक्स्टर या इंग्लिश खटल्यात दिसतं. ४ जानेवारी १८२५ ला गवताच्या एका गंजीचा सौदा १४५ पौंडांना झाला. पैसे ४ फेब्रुवारीला द्यायचे होते. गंजी १ मेपर्यंत विकणाऱ्याच्याच शेतात राहणार होती, आणि पैसे मिळेपर्यंत घेणाऱ्यानं तिला हात लावायचा नव्हता. २० जानेवारीला ती जळून खाक झाली. घेणाऱ्यानं पैसे दिलेले नव्हते, गवताची एक पेंढीही उचललेली नव्हती. तरी न्यायालयानं ठरवलं की नुकसान त्याचंच, कारण ठरावीक गंजीचा सौदा पक्का होताच मालकी त्याची झाली होती. आपल्या कायद्याचं २० वं कलम हेच सांगतं: वस्तू ठरावीक असेल, द्यायच्या अवस्थेत असेल आणि सौद्याला अट नसेल, तर करार होताच मालकी बदलते. पैसे किंवा ताबा नंतर दिला म्हणून त्यात फरक पडत नाही.

सर्वसाधारण माणसाचा समज याच्या उलट असतो. ‘अजून माल उचलला नाही, पैसेही दिले नाहीत, मग माझा कसा?’ हा प्रश्न बाजारात रोज ऐकू येतो. कायदा पाहतो तो दोघांचा इरादा. दोघांनी करारात, पत्रात, बिलावर तो क्षण लिहून ठेवला असेल तर कायदा तोच मानतो. काही लिहिलेलं नसेल तरच पुढच्या कलमांतले तयार नियम पुढे येतात. आणि आपल्याकडचे बहुतेक सौदे तोंडी होत असल्यामुळे हे तयार नियमच बहुतेकांच्या वाट्याला येतात.

या नियमांत सगळ्यांत जास्त पेच आहे तो काम बाकी असलेल्या मालाचा. विकणाऱ्यानं मालावर अजून काही करायचं असेल, किंवा किंमत काढण्यासाठी तो मोजायचा, तोलायचा असेल, तर ते काम होऊन घेणाऱ्याला तसं कळेपर्यंत मालकी हलत नाही. १८०९ सालच्या रग विरुद्ध मिनेट या इंग्लिश खटल्यात टर्पेंटाइनची पिंपं लिलावात विकली गेली होती. शेवटच्या दोन पिंपांतून बाकीची पिंपं ठरावीक वजनापर्यंत भरून द्यायची, असं ठरलं होतं. काही भरून झाली, काही राहिली, आणि गोदामाला आग लागली. न्यायालयानं नुकसान दोघांत वाटलं: भरलेली पिंपं घेणाऱ्याची, न भरलेली विकणाऱ्याची. छप्पर एक, आग एक, तरी शेजारशेजारच्या पिंपांचे मालक वेगळे निघाले.

लासलगाव किंवा पिंपळगावच्या कांदा मार्केटमध्ये सकाळी हाच नियम डोळ्यांसमोर घडत असतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेनं उभ्या. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, कुणी वरचे चार कांदे बाजूला सारून खालचा कांदा काढून दाबून बघतो, क्विंटलमागे बोली चढते आणि काही मिनिटांत संपते. पट्टीवर भाव लिहिला जातो. मग ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो, भरलेल्या गाडीचं वजन होतं, व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा उतरतो आणि रिकाम्या गाडीचं वजन करून फरक काढला जातो. तेवढ्या वेळात शेतकऱ्याची धास्ती संपलेली नसते. खळ्यावर ‘खाली माल हलका निघाला’ म्हणून भाव पाडण्याचे वाद होतात ते याच टप्प्यावर.

६४ वं कलम म्हणतं की लिलावात हातोडा पडला, किंवा रूढ पद्धतीनं बोली संपल्याचं जाहीर झालं, की विक्री पूर्ण झाली. त्यामुळे खळ्यावर भाव पाडण्याला कायद्याचा आधार मिळणं अवघड आहे, भाव तिथे आधीच ठरलेला असतो. पण लिलावतळ ते खळं या प्रवासात ट्रॅक्टर उलटला तर कांदा कुणाचा, हे तितकं सोपं नाही. एकूण किंमत भाव गुणिले वजन अशी निघते, म्हणजे तोलणं बाकी आहे. ते तोलणं विकणाऱ्यानं किंमत ठरवण्यासाठी करायचं काम मानलं, तर २२ व्या कलमानं मालकी काट्यापर्यंत शेतकऱ्याचीच राहते. ते खरेदीदाराच्या बाजूचं किंवा निव्वळ हिशेबाचं काम मानलं, तर बोली संपताच ती व्यापाऱ्याकडे गेलेली असते. बाजार समितीच्या पट्टीवर याबद्दल एक ओळ छापली तर हा वाद उरणार नाही. इतक्या साध्या ओळीसाठी कुणाला न्यायालयाची पायरी चढावी लागू नये.

द्राक्षाचा सौदा तर बागेतच होतो. निफाड, दिंडोरी, तासगाव या पट्ट्यात व्यापारी बागेत येतो, घड बघतो, मण्याची फुगवण आणि गोडी पाहतो, किलोचा भाव बोलतो, इसार देतो आणि तोडणीची तारीख सांगून जातो. उभ्या पिकालाही हा कायदा लागू होतो, कारण विक्रीपूर्वी किंवा कराराप्रमाणे तोडून द्यायचं पीक ‘माल’ या व्याख्येत येतं. सौदा आणि तोडणी यांच्या मधल्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला आणि मण्यांना तडे गेले, तर नुकसान शेतकऱ्याचं. घड अजून काढलेले नाहीत, निवडलेले नाहीत, क्रेटमध्ये भरून तोललेले नाहीत. इसार घेतला म्हणून मालकी गेली असं होत नाही, आणि इसार दिलेला व्यापारी तडे गेलेला माल नाकारू शकतो.

बरं, तोडणी झाली, क्रेट तोलले, व्यापाऱ्याच्या गाडीत चढले. इथे शेतकऱ्याची परिस्थिती एकदम पालटते, आणि ती बाजू पुरेशी बोलली जात नाही. गाडीत चढताच मालकी गेली, ताबाही गेला. जोपर्यंत माल स्वतःच्या ताब्यात आहे तोपर्यंत पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला तो अडवून धरण्याचा हक्क कायदा देतो. वाहतूकदाराच्या हाती असलेला माल वाटेत थांबवण्याचाही हक्क आहे, पण तो घेणारा दिवाळखोर झाला तरच. घेणाऱ्याची स्वतःची गाडी असेल तर तोही हक्क नाही, कारण माल त्याच्याच हाती पोचलेला असतो. मग चेक वटला नाही तर शेतकरी आपल्या द्राक्षांवर हक्क सांगू शकत नाही. द्राक्षं त्याची राहिलेलीच नसतात. तो इतर घेणेकऱ्यांच्या रांगेतला आणखी एक होतो. दर हंगामात उधारीवर माल नेऊन पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी पोलीस ठाण्यांत येतात, त्यामागे कायद्याचं हे टोक आहे. पावसाचा धोका असेपर्यंत मालक शेतकरी, आणि पैशाचा धोका सुरू होतो त्या क्षणी तो मालक नाही.

यावर उपाय कायद्यातच आहे. २५ व्या कलमाप्रमाणे विकणारा अट घालू शकतो की अमुक गोष्ट होईपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण पैसे मिळेपर्यंत, मालकी माझीच. युरोपात कारखानदारांनी हे हत्यार फार पूर्वी उचललं. इंग्लंडमध्ये रोमाल्पा नावाच्या कंपनीचं दिवाळं निघालं, तेव्हा तिला ॲल्युमिनियमची पातळ फॉइल पुरवणाऱ्या डच कारखान्यानं आपल्या करारातली अशीच अट पुढे केली. १९७६ च्या निकालानं उरलेली फॉइल आणि आधीच विकल्या गेलेल्या फॉइलचे पैसे त्याला मिळाले, बँकेच्या आधी मिळाले. नाशवंत मालाला ही अट कमी उपयोगी, दोन दिवसांत माल खाल्ला जातो. पण पाइप, यंत्रं, खतं, कापड उधारीवर देणाऱ्यांसाठी बिलावरची ही एक ओळ मोलाची आहे.

व्यापाऱ्यांना याचं जुनं रूप चांगलं ठाऊक आहे. माल रेल्वेनं किंवा ट्रकनं निघतो, बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती, मात्र बँकेतून जाते. घेणाऱ्यानं बँकेत पैसे भरले की बिल्टी त्याच्या हाती पडते, आणि ती दाखवल्याशिवाय माल सुटत नाही. कागद स्वतःकडे ठेवून विकणारा मालकीही स्वतःकडे ठेवतो. आणि अर्थातच तोवरची जोखीमही.

सगळ्यांत अवघड प्रसंग येतो तो मोठ्या साठ्यातला हिस्सा विकला जातो तेव्हा. १८ वं कलम ठाम आहे: कुठला माल ते ठरल्याशिवाय मालकी जाऊच शकत नाही, दोघांची कितीही इच्छा असली तरी. १९१७ चा हीली विरुद्ध हाउलेट हा खटला मासळीचा आहे. आयर्लंडहून एका व्यापाऱ्यानं बांगड्यासारख्या मॅकरेल मासळीच्या १९० पेट्या रेल्वेनं पाठवल्या. त्यांतल्या २० पेट्या एका गिऱ्हाइकाच्या, त्या होलिहेडला वेगळ्या काढाव्यात अशी सूचना रेल्वेला दिली होती. गाडीला उशीर झाला आणि पेट्या वेगळ्या होण्याआधीच मासळी खराब झाली. १९० पैकी कुठल्या २० त्याच्या, हे ठरलेलंच नव्हतं, म्हणून नुकसान पाठवणाऱ्याच्या गळ्यात पडलं. निघतानाच पेट्यांवर गिऱ्हाइकाचं नाव टाकलं असतं तर निकाल उलटा लागू शकला असता.

मासळीच्या जागी सोनं ठेवलं की तोच नियम घेणाऱ्याला बुडवतो. न्यूझीलंडमधली गोल्डकॉर्प एक्स्चेंज ही कंपनी लोकांना सोनं विकायची आणि तेच सांभाळायची. गिऱ्हाइकाच्या हाती एक प्रमाणपत्र, सोनं कंपनीकडे, वेगळं न काढलेलं. १९८८ साली कंपनी कोसळली. जे काही सोनं तिजोरीत होतं त्यावर बँकेनं कर्जाच्या हक्कानं दावा सांगितला. लोक म्हणाले, आम्ही पूर्ण पैसे मोजलेत, सोनं आमचं. १९९४ साली प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की यातलं कुठलं सोनं कुणाचं हे कधी ठरलंच नव्हतं, म्हणून बहुतेकांना मालकी मिळालीच नव्हती. पैसे देऊन, पावती घेऊनही ते केवळ घेणेकरी ठरले. इंग्लंडनं १९९५ साली कायदा बदलून अशा मोजमाप ठरलेल्या आणि पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला साठ्यात सामाईक हिस्सा दिला. भारताच्या कायद्यात तशी दुरुस्ती नाही. ‘सोनं आमच्याकडेच राहू द्या’ म्हणणाऱ्या कुठल्याही योजनेत पैसे घालण्याआधी विचारायचा प्रश्न यातून मिळतो: माझ्या नावावरचं सोनं वेगळं काढून, नोंद करून ठेवलं आहे का?

पसंतीवर नेलेल्या मालाची गोष्ट निराळी. सराफ बाजारात आणि हिरेबाजारात त्याला जांगड म्हणतात. दलाल किंवा दुकानदार हिरे जांगडीवर नेतो, दाखवतो, पटले तर ठेवतो, नाहीतर परत करतो. २४ व्या कलमाप्रमाणे तो ‘पसंत’ म्हणत नाही, मालकासारखं वागत नाही किंवा मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवून घेत नाही तोवर मालकी मूळ धन्याची. इंग्लंडात १८८० च्या एल्फिक विरुद्ध बार्न्स खटल्यात आठ दिवसांच्या परीक्षेवर नेलेला घोडा तिसऱ्याच दिवशी, कुणाचाही दोष नसताना, मेला. नुकसान विकणाऱ्याचं ठरलं.

जोखीम मालकीमागे जाते याला २६ व्या कलमातच एक न्याय्य अपवाद आहे. ज्याच्या चुकीमुळे माल द्यायला किंवा घ्यायला उशीर झाला, त्या उशिरामुळे झालेलं नुकसान त्याचं. १९४९ च्या एका इंग्लिश खटल्यात सफरचंदाचा ३० टन रस काढून ठेवलेल्या विक्रेत्याला खरेदीदार ‘थोडं थांबा’ म्हणत राहिला होता. रस आंबून वाया गेला. मालकी अजून विक्रेत्याचीच होती, तरी भरपाई खरेदीदाराला द्यावी लागली. ठरल्या तारखेला तोडणीला न आलेल्या द्राक्षव्यापाऱ्याला हे कलम नीट लागू पडतं. फक्त तारीख कुठेतरी लिहिलेली हवी, निदान व्हॉट्सॲपवर तरी.

निर्यातीत जोखमीचा क्षण ठरवण्यासाठी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळानं १९३६ पासून संज्ञा बांधून दिल्या आहेत. एफओबी, सीआयएफ या त्यांतल्याच. सध्याची आवृत्ती २०२० ची. या संज्ञा जोखीम आणि खर्च ठरवतात, मालकीबद्दल काही बोलत नाहीत. सीआयएफ रॉटरडॅम असं लिहिलं की भाडं आणि विमा निर्यातदाराचा, म्हणून रॉटरडॅमपर्यंतची जोखीमही त्याचीच, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात माल न्हावा शेव्याला जहाजावर चढला की जोखीम परदेशी खरेदीदाराकडे जाते. कंटेनरचा माल तर जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधी टर्मिनलच्या ताब्यात जातो, म्हणून मंडळच कंटेनरसाठी एफओबीऐवजी एफसीए, म्हणजे वाहतूकदाराच्या हाती माल देताच जोखीम जाणारी संज्ञा, वापरा असं सांगतं. अर्थात हे सगळं अपघाताच्या जोखमीबद्दल. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि निर्यातदार अडचणीत आले, तो वेगळा प्रकार. माल निघतानाच सदोष असेल तर जोखीम कधी गेली याला अर्थ उरत नाही.

जुनी गाडी विकणाऱ्यानं मात्र मालविक्रीच्या कायद्यावर विसंबून राहू नये. पैसे घेतले, किल्ली दिली, या कायद्यापुरती गाडी दुसऱ्याची झाली. पण मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे आरसी बुकावर नाव असलेला माणूस. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून आणखी पुढे विकली गेली होती. नोंद कुणीच बदलली नव्हती. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी पहिल्याच, नोंदणीकृत मालकावर आली. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत, ते एवढ्यासाठी.

घरी मागवलेल्या पार्सलचा प्रश्न तर आता रोजचा आहे. १९३० च्या कायद्याचं ३९ वं कलम म्हणतं की विकणाऱ्यानं माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो, उलट काही ठरलं नसेल तर, घेणाऱ्यालाच दिला असं धरायचं. गिरणीमालकाकडून गाठी मागवणाऱ्या पेढीसाठी हे ठीक होतं, तिचा मुनीम स्टेशनात उभा असायचा. इंग्लंडच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात नियम वेगळा आहे: सर्वसामान्य ग्राहकाच्या बाबतीत वस्तू प्रत्यक्ष त्याच्या हाती पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची. भारतात हरवलेल्या किंवा फुटलेल्या पार्सलबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते आणि ग्राहक आयोग दाद देतात. पण ३९ वं कलम आजही त्याच शब्दांत उभं आहे, आणि ऑर्डर देताना न वाचता ‘मान्य’ केलेल्या अटींत जोखमीचा क्षण कुठला लिहिला आहे, यावर बरंच काही ठरतं.